बोट लागली म्हणजे

हर्णैहून आमची बोट सुटली तेव्हा पहाटेचे साडेचार वाजले होते. सुवर्णदुर्गाची तटबंदी अंधारात जाड रेघेसारखी दिसत होती. किल्ल्याच्या आडोशाला पाणी इतकं शांत होतं की होडीतून बोटीवर चढताना कुणाला हात द्यावा लागला नाही. बोटीवर सात माणसं : तांडेल, इंजिनाचा ड्रायव्हर, स्वयंपाक करणारा भंडारी आणि चार खलाशी. आठवा मी, पाहुणा. खलाशांपैकी एक एकोणीस वर्षांचा नेपाळी मुलगा होता. त्याने समुद्र पहिल्यांदा पाहिला त्याला नऊ दिवस झाले होते. समुद्रावर तो आजच येत होता. किल्ला मागे पडला, बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पश्चिमेला वळली, पहिली मोठी लाट बोटीखालून सरकत गेली, तेव्हा तो खुशीत हसला. अर्ध्या तासाने त्याला जांभया यायला लागल्या. मग तो गप्प झाला.

तांडेलाची नजर पुढे पाण्यावर होती. तरी त्याने भंडाऱ्याला हाक मारली, "बादली काढून ठेव रे. पोराला बोट लागली."

मुलाला तोवर उलटी झाली नव्हती. मी तसं म्हणालो.

"होईल," तांडेल म्हणाला. "आधी जांभई येते. मग कपाळावर गार घाम, मग तोंड फिकं पडतं, तोंडात पाणी सुटतं. उलटी सगळ्यात शेवटी, भाऊ. बोलायचा थांबला ना, तिथंच ओळखायचं."

पाच मिनिटांत बादली लागली.

मासेमारीचा विषय निघाला की आपण डिझेलच्या भावावर बोलतो, पर्ससीनवर, एलईडीच्या दिव्यांवर, वादळांवर बोलतो. बोटीवरच्या माणसाच्या पोटात काय चाललं आहे यावर कुणी बोलत नाही. खलाशी सांगत नाही, कारण त्याला लाज वाटते. नाखवा विचारत नाही, कारण दोन-तीन दिवसांत पोरगा सरावेल हे त्याला ठाऊक असतं. बहुतेक पोरं सरावतातही. पण ते दोन-तीन दिवस फार धोक्याचे असतात. ते धोके टाळायला जे लागतं ते प्रत्येक बोटीवर आधीच असतं, किंवा बाजारात काही रुपयांना मिळतं. म्हणून हा लेख लिहावासा वाटला.

या त्रासाला मराठीने दिलेलं नाव मला फार नेमकं वाटतं. ऊन लागतं, ठेच लागते, दृष्ट लागते, तशी बोट लागते. घाटात एस.टी. लागते. 'बोट लागली' या वाक्यात जे काही करते ते बोट करते. माणूस फक्त ते सोसतो. त्याचा कमकुवतपणा त्यात कुठे येत नाही. डॉक्टर मळमळीला 'नॉशिया' म्हणतात, त्या शब्दाच्या मुळाशीही ग्रीक भाषेतलं जहाजच आहे. म्हणजे माणूस पाण्यावर गेला तेव्हापासून हे चालू आहे, आणि भाषांना ते कळलेलं आहे. बोटीवर मात्र अजून 'नाजूक आहे', 'ह्याला जमायचं नाय' असंच ऐकू येतं.

माझ्या आईची पिढी कोकणात आगबोटीने जायची. भाऊच्या धक्क्यावरून निघायचं आणि गावच्या बंदराबाहेर बोट उभी राहिली की पडावात उतरून किनारा गाठायचा. आई सांगायची, बोट चालती असताना जेवढा जीव कासावीस व्हायचा त्याहून जास्त ती बंदराबाहेर थांबली की व्हायचा. पदराला लिंबू बांधलेलं असायचं. ते नाकाशी धरून ती वर डेकवर बसायची, पाऊस आला तरी खाली जायची नाही. खाली तेलाचा वास, आणि डोळ्यांना धरायला काही नाही. वर वारा होता आणि लांबवर किनाऱ्याची रेघ होती. शास्त्र तिला माहीत नव्हतं, पण आजचा डॉक्टरही तिला यापेक्षा फार वेगळं काही सांगणार नाही.

शास्त्र असं आहे. आपला तोल सांभाळणारं यंत्र कानाच्या पडद्याच्याही आत, हाडात बसवलेलं असतं. तिथे तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत. डोकं वळलं की त्यांतला द्रव हलतो आणि मेंदूला वळण कळतं. शेजारच्या दोन लहान पिशव्यांत कॅल्शियमचे सूक्ष्म कण आहेत. वर-खाली, मागे-पुढे होणारी हालचाल त्यांच्यामुळे कळते. डोळे आपली बातमी देतात, पायांचे तळवे आणि सांधे आपली देतात. मेंदू सगळ्या बातम्या एकमेकींशी ताडून पाहतो. जमिनीवर त्या जुळतात. बोटीच्या केबिनीत बसलेल्या माणसाचे डोळे म्हणतात, समोरची फळी जागची हललेली नाही. कान म्हणतो, आपण आत्ता वर गेलो होतो आणि आता खाली पडतो आहोत. ही तफावत मिटत नाही तोवर मळमळ थांबत नाही. 1970च्या दशकात जेम्स रीझन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने ही मांडणी केली आणि आजही तीच सर्वाधिक मानली जाते. यात पोटाचा दोष नाही. पोट फक्त वरून आलेला हुकूम पाळतं.

आणि ज्यांच्या कानातलं हे यंत्र जन्मापासून किंवा आजारामुळे पूर्ण निकामी झालेलं असतं, त्यांना बोट लागत नाही. कितीही खवळलेल्या समुद्रात नेलं तरी नाही. म्हणजे बोट लागणं ही धडधाकट कानाची खूण आहे. मी हे तांडेलाला सांगितलं. तो थोडा वेळ विचारात पडला. मग बादलीशी बसलेल्या मुलाकडे वळून त्याने सांगितलं, "सुन, तेरा कान एकदम बढिया है." मुलाने पहिल्यांदाच मान वर केली.

तांडेल मला दुपारी लाटांबद्दल सांगत होता. आखूड, चिडक्या लाटांनी बोट दणादण आपटते, अंग दुखतं, पण त्यांनी फारसं कुणी आडवं पडत नाही. लांब, सावकाश उचलणारी आणि सावकाश सोडणारी लाट माणसाला आडवं करते. हे त्याचं निरीक्षण मोजलेलं आहे. अमेरिकेत संशोधकांनी शेकडो स्वयंसेवकांना वर-खाली होणाऱ्या बंद खोलीत बसवून पाहिलं. साधारण सहा सेकंदांत एकदा वर जाऊन खाली येणारी हालचाल सर्वांत वाईट निघाली. त्याहून बरीच जलद हालचाल माणूस सोसतो.

आता कोकणातला ऑगस्ट घ्या. पश्चिम किनाऱ्यावर मासेमारीची बंदी 1 जून ते 31 जुलै, अशी 61 दिवसांची. 1 ऑगस्टला कागदावर हंगाम सुरू होतो, पण नैर्ऋत्येचा वारा कागद वाचत नाही. लांबून आलेली लाट तेव्हा जोरात असते. बोट पश्चिमेला निघाली की ही लाट समोरून येते, म्हणून लाटा एकीमागून एक लवकर भेटतात आणि बोटीचं उचलणं-पडणं नेमकं त्या सहा-सात सेकंदांच्या घरात येतं. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच दर्यात जायची कोळ्यांची रीत आहे. त्या रीतीत श्रद्धेइतकीच दर्या निवळायची वाट पाहण्याची समजही आहे, असं मला वाटतं. आज कर्जाचे हप्ते आणि शेजारच्या बोटी थांबू देत नाहीत.

यात एक भर आणखी पडते. सराव टिकाऊ नसतो. मेंदू दोन-तीन दिवसांत बोटीचा हिशेब शिकतो, आणि किनाऱ्यावर काही आठवडे गेले की विसरतो. दोन महिने घरी बसून आलेला ड्रायव्हर, बोटीवर वीस वर्षं काढलेला, पहिल्या दिवशी भाताकडे बघायला तयार नव्हता. "दर साल हेच," तो म्हणाला. "पण कोण सांगतो?" काही थोड्यांचं तर शरीर कधीच सरावत नाही. चार्ल्स डार्विन 1831 ते 1836 बीगल जहाजावर होता आणि त्याची मळमळ अखेरपर्यंत गेली नाही. निघताना डॉक्टर असलेल्या वडिलांनी मनुका खायला सांगितल्या होत्या, त्या तो खात राहिला. अ‍ॅडमिरल नेल्सनलाही बोट लागायची. लहान मुलं, अर्धशिशीचा त्रास असणारी माणसं आणि स्त्रिया यांना हा त्रास अधिक होतो.

दुपारी जाळं ओढायची वेळ आली. जाळं पाण्यात असतं तेव्हा त्याच्या ओझ्याने ट्रॉलर जरा सावरलेला असतो. ओढायला घेतलं की इंजिन मंदावतं, बोट लाटेला आडवी येते आणि दोन्ही अंगांना डोलायला लागते. विंचवर दोर गुंडाळला जात होता. मुलगा उभा होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, मीही काम करणार म्हणून तो स्वतःच उठला होता. एकाएकी त्याने तोंडावर हात धरला आणि काठाकडे धावला.

या बोटींचा काठ किती उंच असतो ते पाहिलेलं नसेल तर सांगतो : माझ्या गुडघ्याच्या थोडा वर. जाळं आत घ्यायला तो तसाच लागतो. फळ्यांवर पाणी आणि माशांचा बुळबुळीतपणा. मुलगा ओणवा झाला, त्याच वेळी बोट त्या अंगाला कलली. शेजारच्या खलाशाने दोर सोडून त्याची पाठीमागून चड्डी धरली. एवढंच झालं. दोन सेकंदांचा प्रकार. विंच थांबवला गेला आणि कुणी काही बोललं नाही.

त्यानंतर तांडेलाने मुलाच्या कमरेला दोर बांधला, दुसरं टोक डोलकाठीला. लांबी इतकी की काठापर्यंत पोचता येऊ नये. "माझ्या बापाने मला असाच बांधला होता," तो म्हणाला. लाइफ जॅकेट केबिनीतल्या माळ्यावर होती, एकावर एक रचलेली. ती त्याने खाली काढायला लावली.

खलाशी 'तोल जाऊन पाण्यात पडला' अशी चार ओळींची बातमी आपण अनेकदा वाचतो. तोल का गेला ते त्या बातमीत नसतं. रात्री सगळे झोपलेले असताना एखादा एकटा काठावर का गेला होता, हे विचारायला कुणी उरलेलं नसतं. मला आता ती बातमी वाचताना तो गुडघ्याएवढा काठ दिसतो. बोट लागल्याने माणूस मरत नाही असं म्हणतात. काठावर ओणवा झालेला मरू शकतो.

गोळ्यांबद्दल नीट लिहायला हवं, कारण इथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत. निघण्याआधी मी अ‍ॅव्होमिन घेतली होती. आपल्या घराघरांत घाटासाठी जी गोळी असते ती हीच, प्रोमेथाझिन. मला उलटी झाली नाही. पण दुपारभर मी असा झोपेत होतो की विंचचा आवाज मला लांबच्या गिरणीसारखा वाटत होता. मी पाहुणा होतो म्हणून चाललं. दोर, कप्पी आणि चाकू यांच्यात उभ्या असलेल्या खलाशाला हीच गुंगी बोटाला किंवा हाताला मुकवू शकते. सिनारिझिन, मेक्लिझिन, डायमेनहायड्रिनेट ही या कामाची इतर औषधं. गुंगी त्यांनीही येते, कुणाला कमी, कुणाला जास्त. म्हणून ज्याला गोळी घ्यायची आहे त्याने ती आधी किनाऱ्यावर, घरी घेऊन पाहावी. गुंगी किती येते ते कळतं. काचबिंदू असेल, लघवी अडखळत असेल किंवा दुसरी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. वर दारू तर मुळीच नको. दारूने गुंगी वाढते, आणि ती कानातल्या त्या नळ्यांतला तोलही बिघडवते, म्हणून 'थोडी घे, बरं वाटेल' हा बोटीवरचा सल्ला उलटा पडतो.

दुसरी गोष्ट वेळेची. गोळी निघण्याआधी तास-दोन तास घ्यायची असते. मळमळ सुरू झाली की पोटाचं काम मंदावतं. तेव्हा घेतलेली गोळी तशीच पडून राहते, किंवा बाहेर येते. आणि तिसरी : उलटीवर म्हणून औषधाच्या दुकानात सर्रास मिळणारी ऑन्डान्सेट्रॉन बोट लागण्यावर फारशी चालत नाही. ती दुसऱ्या प्रकारच्या उलट्यांसाठी आहे. हे मला दापोलीकडच्या एका डॉक्टरांनी सांगितलं. त्यांच्याकडे ऑगस्टात खलाशी येतात, आणि खिशात तीच पाकिटं घेऊन येतात.

आल्याने काहींना आराम पडतो. अभ्यासांचे निकाल एकसारखे नाहीत, पण आलेपाकाच्या दोन वड्यांनी नुकसानही नाही. मनगटावरच्या दाबाच्या पट्ट्यांचंही तसंच. जुनी माणसं नव्या पोराला समुद्राचं खारं पाणी पाजत, असं भंडारी सांगत होता. ते मात्र कुणी करू नये. त्याने उलट्या वाढतात आणि अंगातलं पाणी आणखी जातं.

या भंडाऱ्याचं मला फार कौतुक वाटलं. कुणी शिकवलेलं नसताना तो जे करत होता ते मी वहीत उतरवून घेतलं. त्याने मुलाला केबिनीत जाऊ दिलं नाही. बोटीच्या मध्यावर, डोलकाठीच्या बुडाशी बसवलं, कारण नाळ सगळ्यात जास्त उचलते आणि मध्य सगळ्यात कमी. इंजिनाचा धूर ज्या बाजूला जात होता त्याच्या उलट बाजूला तोंड. पाठ आणि डोकं टेकलेलं, कारण डोकं जितकं हलेल तितका कान गोंधळतो. मुलाने मोबाइल काढला तेव्हा त्याने तो काढून घेतला आणि सांगितलं, "वो देख, जहाँ पानी खतम होता है, वहाँ देख." क्षितिज हलत नाही. डोळ्यांना ते दिसलं की बोट हलते आहे हे डोळेही कबूल करतात आणि कानाशी भांडण मिटायला लागतं. अंधार पडून क्षितिज नाहीसं झालं, तेव्हा त्याने त्याला उताणं निजवून डोळे मिटायला लावले.

खायला सुका पाव, तोही दोन घास. तळलेलं काही नाही. रिकामं पोट भरल्या पोटाइतकंच वाईट, असं तो म्हणाला आणि ते खरं आहे. पाणी एका दमात नाही, घोट-घोट. मिठाचं कोकमाचं पाणी त्याने करून दिलं. ओआरएसची पाकिटं बोटीवर असतील तर उत्तम. नसतील तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. उलटीपेक्षा उलटीने सुकलेलं अंग घातक असतं. सात-आठ तास लघवी झाली नाही, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा उलटीत रक्त दिसलं, तर सराव होण्याची वाट पाहू नये. बोट बंदराला वळवावी. वायरलेसवर चॅनेल 16 आहे, तटरक्षक दलाचा क्रमांक 1554 आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांडेलाने मुलाला बोलावलं आणि त्याच्या हातात सुकाणू दिलं. मला वाटलं, मन रमवायला. पण त्यामागे अनुभव होता. गाडी चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधी कळलेलं असतं. सुकाणू धरणारा येणारी लाट पाहतो, अंगाला ती भेटण्याआधी मेंदू तयार असतो. वीस मिनिटं त्याने बोट धरली. तांडेल शेजारी उभा राहून सांगत होता, ही लाट अशी घे, आता सोड. त्या वीस मिनिटांत त्याला बादली लागली नाही.

या मुलाचा काका रत्नागिरीकडे आंब्याच्या बागेची राखण करतो. अशी कितीतरी नेपाळी कुटुंबं कोकणात आहेत. बागांत राखणीला आणि बोटींवर खलाशी म्हणून. उत्तर प्रदेश, झारखंड, कर्नाटकातून पोरं येतात. स्थानिक मुलं बोटीवर जायला तयार नसतात, हे नाखव्यांचं म्हणणं खरं आहे. या परक्या पोरांवर आज कोकणातल्या कितीतरी बोटी चालतात. कोळ्याचा मुलगा दहाव्या वर्षी बापाच्या होडीत बसून, किनाऱ्याशी, थोडा-थोडा दर्या अंगात मुरवतो. डोंगरातून आलेल्या मुलाला आपण एका पहाटे तीस वाव पाण्यावर नेतो आणि त्याच दुपारी विंचशी उभं करतो. त्याला बोट लागते याचं नवल नाही. त्याची भाषा वेगळी, उचल घेतलेली, परतायची सोय नाही. 'मला होत नाही' हे तो कुणाला सांगणार? "पहले दिन लगा, मर जाऊँगा," तो मला तिसऱ्या दिवशी म्हणाला. "बोला नहीं. सेठ निकाल देगा."

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने भात आणि बांगड्याचं कालवण खाल्लं, दोनदा मागून. संध्याकाळी तो जाळ्यावर होता, दोर अजून कमरेला. आम्ही परतलो तेव्हा हर्णैच्या किनाऱ्यावर बैलगाड्या लाटांत उभ्या होत्या, टोपल्या उतरत होत्या, लिलावाचा गलका चालू होता. वाळूवर पाय टेकला आणि मुलगा गाडीचं चाक धरून उभा राहिला. जमीन डोलत होती. मलाही ती डोलताना जाणवत होती. मेंदू बोटीचा हिशेब शिकलेला असतो, तो विसरायला त्याला थोडा वेळ लागतो. बहुतेकांना दिवस-दोन दिवस.

नाखव्यांना, तांडेलांना माझी विनंती आहे. येत्या हंगामात पहिली फेरी निघण्याआधी नव्या पोराला त्याच्या भाषेत विचारा, याआधी समुद्रावर गेला होतास का. नसेल तर पहिले दोन दिवस त्याला विंचपासून लांब ठेवा, लाइफ जॅकेट अंगात घालायला लावा, ओआरएसची दहा पाकिटं भंडाऱ्याकडे द्या. बोट लागली म्हणून कुणाचा पगार कापू नका. आणि त्याला उलटी आली तर त्याला काठाकडे पाठवू नका. बादली त्याच्याकडे न्या.